चार बोटांचे अंतर

बंदुकीच्या नळीत गज सोडल्यावर जो आवाज यायला हवा होता, तो आला नाही.

लोहार चेमोगो बालोने गज वर उचलला आणि पुन्हा सोडला. लोखंडावर लोखंड आपटून टणत्कार व्हावा, त्याऐवजी ओल्या ढेकळावर काठी टेकावी तसा एक बुजलेला, पोटातला ध्वनी आला. त्याने नळीच्या तोंडाशी गजावर अंगठ्याची खूण धरली, गज बाहेर काढला आणि तो नळीच्या अंगाला बाहेरून लावून पाहिला. गजाचे टोक नळीच्या बुडापासून चार बोटे अलीकडेच थांबले होते.

भात्याजवळच्या लाकडी ठोकळ्यावर बसलेल्या मोरिबा सिदिबेकडे त्याने पाहिले, आणि हसू दाबले.

"फुलानी, तुझी बंदूक पोटुशी आहे."

त्या सकाळी उत्तरेकडच्या धुळीने सगळा आसमंत दुधासारखा केला होता. सूर्य वर आला होता, पण तो चंद्रासारखा दिसत होता आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. अशा दिवसांत वासुलूच्या मुलखात दूरचे झाड जवळ वाटते आणि जवळचा माणूस दूर. मोरिबाला क्षणभर वाटले की चेमोगोचे शब्द कुठूनतरी नदीपलीकडून आले.

"रिकामी आहे ती," तो अखेर म्हणाला. "मीच रिकामी केली होती. घरामागं उभं राहून आभाळात उडवली आणि टांगली. एकोणीस वर्षं झाली."

"मग एकोणीस वर्षांत आपोआप गाभण राहिली म्हणायची. माझ्या बापानं घडवलेली पोर आहे ही, म्हणजे नात्यानं माझी बहीण. तिच्या अब्रूचा प्रश्न आहे बाबा. कोणाकडं बघू मी?"

लोहार आणि गाई पाळणारे फुलानी यांच्यामध्ये थट्टेचे नाते आहे. ते आमच्या पणजोबांच्या पणजोबांनी जोडले. त्या नात्यात वाटेल ते बोलावे आणि समोरच्याने रागावू नये, रागावला तर तोच हरला. एरवी मोरिबाने या बोलण्याची परतफेड केली असती, चेमोगोला चवळीखाऊ म्हटले असते, त्याच्या सबंध कुळाला आपल्या गोठ्यात झाडायला लावले असते. आज तो गजावरच्या त्या चार बोटांच्या अंतराकडे पाहत राहिला.

बंदूक नीट होणे निकडीचे होते. त्याचा गुरू झुमाना दियाकिते पावसाळ्याच्या अखेरीस वारला होता. पिके घरात आली की मग शिकाऱ्यांचा मोठा निरोपविधी करायचा, अशी रीत. तो आता पुढच्या गुरुवारी, गावाबाहेर जिथे तीन वाटा मिळतात त्या देवस्थानाजवळ व्हायचा होता. गुरूच्या प्रत्येक शिष्याने त्या दिवशी स्वतःच्या बंदुकीने मारलेली शिकार आणायची आणि स्वतःच्याच बंदुकीचा बार काढायचा. उसनी बंदूक चालत नाही. पहिला बार पहिल्या शिष्याचा. तो निघाल्यावाचून दुसऱ्या कोणाची बंदूक खांद्याला लागत नाही, आणि गेलेल्याची वाट मोकळी होत नाही. बंदुकीच्या घोड्याखाली बसणारी, दारू पेटवणारी तांब्याची टोपी पहिल्या शिष्याला तीन वेळा लावता येते. तिन्ही वेळा बंदूक मुकी राहिली, तर तो मागे सरतो. मग लोक उघड काही म्हणत नाहीत, पण या दोघांच्या नात्यात कुठेतरी कुजले होते हे सर्वांना कळते.

झुमानाचा पहिला शिष्य मोरिबा होता.

वयाने झुमाना त्याच्याहून आठ वर्षांनी लहान. परंतु शिकाऱ्यांच्या बिरादरीत जन्मदिवस मोजत नाहीत. जो आधी आला तो थोरला, मग त्याच्या ओठावर मिसरूड असो वा नसो. झुमाना दहाव्या वर्षी आला होता आणि मोरिबा पस्तिसाव्या. मानाची दहा कोलाफळे आणि एक तांबडा कोंबडा घेऊन, मुलाबाळांचा बाप असलेला मोरिबा सत्तावीस वर्षांच्या तरुणासमोर गुडघे टेकून बसला, तेव्हा गावातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मोरिबाला त्याचे काही वाटले नव्हते. त्यानंतर सतरा वर्षे तो त्या तरुणाच्या मागून रानात चालला, एकदाही पुढे गेला नाही.

मग दुष्काळ आला. ओढे आटले, हरणे दक्षिणेकडे निघून गेली, आणि घरात खाणारी तोंडे तेवढीच राहिली. तालुक्याच्या दवाखान्याला चौकीदार हवा होता. मोरिबाने ती नोकरी धरली. खाकी सदरा, हातात एक काठी, दारावर बसण्यासाठी लोखंडी खुर्ची. औषधांची खोकी मोजून घ्यायची, संध्याकाळी फाटक लावायचे, बाळंतिणींच्या नातेवाइकांना आत सोडायचे की नाही ते ठरवायचे. त्याच्या आयुष्याची एकोणीस वर्षे एवढ्यात सामावली.

रान सोडताना गुरूचा निरोप घ्यावा लागतो. येताना जशी दहा कोलाफळे, तशी जातानाही दहा. मोरिबाने ती नेली नाहीत. आज नेऊ, उद्या नेऊ म्हणताना त्याचे पाय उचलले नाहीत. एका दुपारी त्याने घरामागे जाऊन बंदूक आभाळात रिकामी केली आणि स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगून दिली. पुढे बाजारात, लग्नात, कोणाच्या मातीला झुमाना भेटे. घरच्यांची, गुरांची, पिकाची विचारपूस करी. सगळे विचारून झाल्यावर तो थोडा थांबे आणि मोरिबाच्या तोंडाकडे पाही. ते थांबणे मोरिबाला असह्य होई. तो मान खाली घाली आणि काहीतरी निमित्त काढून निघून जाई. एकोणीस वर्षे त्याने त्या नजरेला ठपका मानले होते.

चेमोगोने टोकाला मळसूत्र असलेला गज घेतला, नळीत घातला आणि हलक्या हाताने पिळू लागला. मळसूत्र कशाततरी रुतले. त्याने श्वास रोखून गज ओढला. त्याच्या टोकाला एक काळपट बोळा अडकून आला.

"हा बोळा तुझा नाही," चेमोगो म्हणाला. त्याच्या आवाजातली थट्टा गेली होती.

प्रत्येक शिकाऱ्याचा बोळा वेगळा असतो, हे लोहाराइतके कोणाला ठाऊक असणार? कोणी सावरीचा कापूस दाबतो, कोणी मक्याच्या कणसाची साल. मोरिबा गोरखचिंचेच्या सालीचा वाख वापरी. हा बोळा कापडाचा होता. मोरिबाने तो हातात घेतला आणि नखाने उलगडला. दोन बोटे रुंदीची पट्टी, झाडाच्या सालीच्या आणि चिखलाच्या रंगात भिजवून तांबूस तपकिरी केलेली. एका कडेला जाड दोऱ्याची आडवी शिवण होती.

ती शिवण त्याला ठाऊक होती. सतरा वर्षे ती त्याच्या डोळ्यांपुढे चालत होती. झुमाना आपल्या शिकारी सदऱ्याची खालची किनार फाडून बोळे करी, म्हणून त्याचा सदरा दर वर्षी आखूड होत असे आणि त्यावरून त्याची बायको कुंबा त्याला बोलत असे.

चेमोगोने नळी तिरपी केली. एका लाकडी वाडग्यात छर्रे पडले. त्याने ते मोजले नाहीत. मोरिबाने नुसते ऐकूनच मोजले. सात. झुमाना नेहमी सातच घाली.

आत आणखी एक बोळा होता आणि त्याखाली दारू. चेमोगोने चुलीवरचे उकळते पाणी उचलले. जुनी भरलेली बंदूक लोहाराच्या हाती आली की तो आधी नळीत गरम पाणी ओततो. दारू मरते, मग निवांतपणे खरवडून काढता येते. चेमोगोच्या चुलत्याने एकदा पाणी न घालता गज फिरवला होता. पुढे आयुष्यभर तो डाव्या हाताने जेवला, आणि आमच्याकडे डाव्या हाताने जेवणाऱ्याच्या ताटात कोणी हात घालत नाही.

मोरिबाने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पाणी नको."

"अरे म्हाताऱ्या, डोकं फिरलं का तुझं?"

"ती दारू मला कोरडी पाहिजे."

चेमोगोने त्याच्याकडे पाहिले, वाडग्यातल्या छर्ऱ्यांकडे पाहिले, त्या तपकिरी पट्टीकडे पाहिले. मग पाणी खाली ठेवले. लोहाराला सगळे सांगावे लागत नाही. त्याने भाता थांबवला, निखाऱ्यांवर राख ओढली, आणि फडताळातून तांब्याची एक तार काढली. लोखंडाने लोखंड घासले तर ठिणगी पडते, तांब्याने पडत नाही. त्याने तार ठोकून तिला मांजराच्या नखासारखे वळण दिले, ती एका लांब वेताला बांधली, आणि अंगणात चिंचेखाली बसून, काट्याने पायातला काटा काढावा तशा सावकाशीने तो दुसरा बोळा ओढू लागला. मोरिबा त्याच्या अगदी शेजारी बसला.

"लांब बस की. उडालं तर दोघंही जाऊ."

"तू एकटा गेलास तर तिथं मला शिव्या देत बसशील."

"ते तर मी देणारच. फुलानींनी गाई सोडून बंदुका धरल्या, तेव्हापासूनच हे जग बिघडलंय."

बोळा निघाला. चेमोगोने नळी एका भोपळ्याच्या वाडग्यावर उपडी धरून लाकडाच्या हातोडीने हलके ठोकली. काळी दारू झरझर खाली आली. तिने कुठेही गोळा धरला नव्हता. दाणा न् दाणा सुटा होता. धुरकट उन्हातही ते दाणे काजळ घातलेल्या डोळ्यासारखे लकाकत होते.

"चुलीवर टांगली होतीस म्हणून," चेमोगो म्हणाला. "तुझ्या बायकोच्या धुरानं राखली ही. पण राखली म्हणजे पेटेलच असं नाही हं. दारूचंही वय होतं. नवी घाल. गुरुवारी सगळ्यांपुढं नाक कापून घेऊ नकोस."

मोरिबाने दारू एका कातडी पिशवीत भरली, छर्रे एका फडक्यात बांधले, पट्टी घडी करून सदऱ्याच्या आत ठेवली. बंदूक चेमोगोकडेच राहिली. तिची कमान थकली होती, घोडा सैल झाला होता, आणि टोपी बसते त्या टोकाचे छिद्र काजळीने बुजले होते.

घरी त्याची बायको सितान अंगणात बसून भेंडी वाळत घालत होती. त्याने पट्टी काढून तिच्या पुढ्यात, भेंडीच्या फोडींजवळ ठेवली. सितानने तिच्याकडे पाहिले. तिचे हात थांबले.

"काढलीत तर शेवटी," ती म्हणाली.

मग त्याला सारे कळले, आणि तरीही तिने सांगावे म्हणून तो शेजारी बसला.

तो नोकरीवर रुजू झाल्यानंतरच्या महिन्यात, एका दिवशी दुपारी झुमाना घरी आला होता. मोरिबा दवाखान्याच्या फाटकावर होता. सितानने झुमानाला पाणी दिले, बाजरीचा गोळा आणि गोरखचिंचेच्या पानांचे कालवण वाढले. तो जेवला. जेवून झाल्यावर त्याने हात धुतले आणि बंदूक उतरवून मागितली. शिकाऱ्याच्या बंदुकीला बाईने हात लावू नये, म्हणून तिने नुसते आढ्याकडे बोट दाखवले. त्याने ती स्वतः उतरवली. मांडीवर घेऊन स्वच्छ पुसली. आपल्या शिंगड्यातून दारू ओतली, सदऱ्याची किनार फाडली, ठासली, छर्रे घातले, पुन्हा ठासली. टोपी मात्र लावली नाही. मग उठून होती तशीच टांगून ठेवली.

"मी विचारलं, गुरुजी, हे कशाला? तर म्हणाले, भरलेली बंदूक घरात असली की घरात शिकारी असतो. त्याला मी काही बोलणार नाही. पोरांच्या पोटासाठी गेलाय तो, त्यात चुकीचं काय. पण रान त्याला सोडत नाही एवढं त्याला कळू दे."

"मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनीच नको म्हणून सांगितलं. म्हणाले, गज सांगेल त्याला. तुझ्या तोंडून ऐकून आला, तर तो तुझ्या शब्दासाठी आल्यासारखं होईल."

सितानने एक फोड उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"अहो, मला वाटलं पावसाळ्याआधी तुम्ही ती उतरवाल, गंज लागू नये म्हणून शियाच्या बियांचं लोणी लावाल. सगळे शिकारी लावतात. त्या वर्षी नाही उतरवलीत. पुढच्या वर्षी मला वाटलं, मी शेतावर असताना उतरवली असेल, तुम्हाला कळलं असेल, आणि तुमचं उत्तर नाही असं असेल. मग मी कशाला बोलू? त्यांनाही तसंच वाटलं असणार."

असे कोणत्याही शिकाऱ्याच्या हातून घडले नसते. बंदूक हाताळली नाही असे एक वर्षही शिकाऱ्याचे जात नाही, आणि झुमानाने त्याला शिकारी समजूनच तो निरोप ठेवला होता. मोरिबाने मात्र लाजेपायी एकोणीस वर्षे आढ्याकडे मान वर करून पाहिले नव्हते. रोज संध्याकाळी त्याच आढ्याखाली बसून तो जेवला होता.

आता त्याला झुमानाचे ते थांबणे पुन्हा आठवू लागले. बाजारातले, विहिरीजवळचे, कोणाच्या नातवाच्या बारशातले. प्रत्येक वेळी विचारपूस संपल्यावर आलेली ती शांतता. ती वाट पाहणारी शांतता होती. एकेक करून त्या साऱ्या भेटी त्याच्यासमोरून धुळीतल्या माणसांसारख्या जाऊ लागल्या, आणि प्रत्येक भेटीत तो स्वतःला मान खाली घालून निघून जाताना पाहू लागला.

चार दिवसांनी चेमोगोने बंदूक परत दिली. कमान नवी होती. घोडा आता कडक लागत होता. नळी आतून राखेने आणि गरम पाण्याने धुऊन, वर शियाचे लोणी चोळले होते. गज सोडला की तळाशी जाऊन खणखणीत वाजत होता. ही नळी मुळात एका मोडक्या ट्रकच्या स्टिअरिंगची. चेमोगोच्या बापाने ती तापवून, ठोकून, सरळ करून बंदुकीला दिली होती. चेमोगो म्हणाला, की आता बहीण माहेरपण करून सासरी निघाली आहे, तिला नीट वागव, नाहीतर मी तुझ्या दारात येऊन बसेन आणि तुझ्या साऱ्या गाई खाऊन टाकेन. मोरिबा म्हणाला, की चवळी खाऊन वाढलेल्या पोटात गाय मावायची नाही. दोघांनाही बरे वाटले.

सोमवारी पहाट सरल्यावर तो ओढ्याकडे निघाला. शिंगड्यात चेमोगोने दिलेली नवी दारू होती, पण छर्रे झुमानाचेच सात. छर्रे शिकारीला आणि दारू निरोपाला, असे त्याने मनाशी ठरवले होते. अंगात जुना सदरा, डोक्यावर टोपी, टोपीत खोचलेला साळिंदराचा काटा. हा काटा झुमानाने पहिल्या वर्षी दिला होता.

रानात धुळीचे धुके इतके दाट होते की झाडांना बुंधे नव्हते, नुसते शेंडे होते. मोरिबाच्या डोळ्यांना आता पन्नास पावलांपलीकडचे नीट दिसत नसे. तरी त्या दिवशी त्याला सारे दिसत होते, म्हणजे दिसायला हवे तेवढे दिसत होते. पायांना वाट आठवत होती. ओढ्याच्या वळणावर जिथे ते दोघे नेहमी बसत, त्या वारुळाशेजारी तो बसला. डाव्या बाजूला एका माणसाइतकी जागा मोकळी राहिली. हे त्याने मुद्दाम केले नव्हते. शरीराला सवय होती.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. एक गिनीकोंबडी बोलली आणि गप्प झाली. वारा पडला. त्याला वाटले, शेजारी कोणीतरी हळूच तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवली. त्याने वळून पाहिले नाही. अशा वेळी वळून पाहायचे नसते. मग धुक्यातून एक लहानसे झुडपी हरीण आले, बोकडाएवढे, एकशिंगी. दुसरे शिंग कधीतरी मोडले असावे. ते पाण्याजवळ थांबले आणि त्याने मान वर केली.

मोरिबाने बंदूक खांद्याला लावली. नाव घेण्याची रीत आहे, आधी प्राण्याचे, मग गुरूचे. त्याने दोन्ही नावे ओठातल्या ओठात घेतली आणि चाप ओढला.

धूर विरल्यावर हरीण आडवे पडलेले दिसले. मोरिबा त्याच्याजवळ जाऊन बसला, त्याच्या डोळ्यांवर तळहात ठेवला आणि जे बोलायचे ते बोलला. ते इथे सांगण्यासारखे नाही. मग त्याने हरीण खांद्यावर घेतले. ते फार जड नव्हते, तरी वाटेत तो तीनदा बसला.

घरी न जाता तो सरळ झुमानाच्या घरी गेला. मागचा उजवा पाय गुरूचा, अशी रीत. सतरा वर्षे तो पाय त्याने त्याच दाराशी आणून ठेवला होता. कुंबा दारात बसून कापूस पिंजत होती. ती त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, तरी गुरूची बायको म्हणून मोरिबा तिला आई म्हणे, आणि ती त्याला लेका म्हणे. तरुणपणी यावरून दोघेही हसत. आता हसण्यासारखे काही राहिले नव्हते. ते तसेच खरे होऊन गेले होते.

त्याने हरणाचा पाय उंबऱ्याशी ठेवला. त्याच्या शेजारी फडक्यात बांधलेली दहा कोलाफळे ठेवली, आणि गुडघे टेकून बसला.

"आई, ही आणायला मला उशीर झाला."

कुंबाने फडके सोडले नाही. हाताने वरूनच चाचपले. आत काय आहे ते तिला कळले असावे.

"निरोपाची आहेत?"

मोरिबाने होकारार्थी मान हलवली.

"मग ही माझ्यानं घेववत नाहीत, लेका," ती म्हणाली. "त्यांनी तुला निरोप दिलाच नव्हता. आता मी कुठून देऊ?" तिने फडके त्याच्याकडे सारले. "पाय आत आणून ठेव. मांजर आहे."

गुरुवारी तीन वाटांच्या संगमावर आसपासच्या गावांतून शिकारी जमले. कोणी रानडुक्कर आणले होते, कोणी हरीण, कोणी नुसते दोन ससे. सारी शिकार गोरखचिंचेच्या पानांवर ओळीने मांडली होती. शिकाऱ्यांच्या गायकाने वाद्याच्या तारा जुळवल्या आणि झुमानाच्या पूर्वजांची नावे घेण्यास आरंभ केला. मोरिबा पुढे येऊन उभा राहिला. आदल्या दिवशी बंदूक पुन्हा धुऊन, लोणी चोळून देताना चेमोगोने त्याला पुन्हा एकदा समजावले होते, की नवी दारू घाल, कोणाला कळणार आहे? मोरिबा म्हणाला होता, की मला कळेल आणि त्याला कळेल, आणखी कोणाला कळायचे राहिले?

त्याने कातडी पिशवीतली दारू सर्वांसमक्ष नळीत ओतली. ती जुनी तपकिरी पट्टी बोळा करून ठासली. टोपी लावली, बंदूक आभाळाकडे धरली आणि चाप ओढला.

टोपी फट् करून वाजली. पुढे काही झाले नाही.

गायकाची बोटे तारांवर थबकली. गर्दीत कोणी खाकरले नाही, एवढी शांतता झाली. चेमोगो आपल्या पायांच्या अंगठ्याकडे पाहत होता. मोरिबाने बंदूक तशीच वर धरून दहा श्वास मोजले. दारू उशिरा पेटू शकते, हे त्याला गुरूने शिकवले होते. मग त्याने दुसरी टोपी बसवली.

पुन्हा तेवढाच फट् आवाज.

आता एकच संधी उरली. मोरिबाच्या मागे उभा असलेला दुसरा शिष्य, पन्नाशीचा एक सज्जन माणूस, नकळत आपल्या बंदुकीकडे पाहू लागला. मोरिबाला त्या क्षणी भीती वाटली नाही, हे त्याचे त्यालाच नवल वाटले. त्याला शांतता ऐकू येत होती, आणि ती ओळखीची होती. विचारपूस संपल्यावर झुमाना थांबे, तशीच ती थांबली होती. या खेपेस त्याने मान खाली घातली नाही.

त्याने सावकाश दहा श्वास मोजले. मग डोक्यावरच्या टोपीतून साळिंदराचा काटा काढला, बंदुकीच्या छिद्रात घातला आणि हळुवार फिरवला. काट्याच्या टोकाला शियाच्या लोण्याचा एक पिवळट थेंब लागून आला. चेमोगोने मायेने जरा जास्तच चोळले होते. मोरिबाने काटा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा आत घातला. या वेळी टोकाला दारूचे दोन काळे दाणे चिकटून आले. त्याने तिसरी टोपी बसवली.

बार झाला.

नव्या दारूचा आवाज कोरडा आणि तीक्ष्ण असतो. हा तसा नव्हता. जाड, खोल, लांबलेला, एखाद्या वृद्धाने घसा साफ करून बोलायला आरंभ करावा तसा तो आवाज होता. तो धुळीत शिरला, ओढ्यापर्यंत गेला आणि तिथून परत आला. नळीच्या तोंडून तांबूस धूर निघाला, त्यात त्या पट्टीचे जळते धागे तरंगत होते, आणि ते खाली येईपर्यंत कोणीही हलले नाही. मग मागच्याने बंदूक खांद्याला लावली, त्याच्या मागच्याने लावली, आणि साऱ्या रानात बारांवर बार होऊ लागले.

त्या गोंगाटात चेमोगो त्याच्याजवळ येऊन म्हणाला, "माझ्या बहिणीनं लाज राखली तुझी."

"लोणी चोळून तूच घालवणार होतास, चवळीखाऊ."

संध्याकाळी मोरिबा घरी आला तेव्हा सितान चूल पेटवत होती. तिने त्याच्या हातातल्या बंदुकीकडे पाहिले, मग आढ्याकडे पाहिले. त्याने दाराजवळ बसून राखेच्या पाण्याने नळी धुतली, फडक्याने पुसली, लोणी लावले, थोडेच लावले. मग बंदूक उभी धरून तिच्यात गज सोडला.

गज तळाशी जाऊन वाजला. अंगठ्याची खूण धरून त्याने गज बाहेरून नळीला लावला, तर टोक थेट बुडाशी आले. आत काही नव्हते.

सितान चुलीपाशी बसून पाहत होती. मोरिबा नळीला कान लावून तसाच बसून राहिला. लोखंडातला तो नाद बारीक होत गेला, आणि अगदी संपेपर्यंत तो ऐकत राहिला.